अडुळशाचा वाफा

मानमोडीच्या तापाची साथ ओसरली, संक्रांत उलटली, तरी बायनाबाई भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच.

साथ दिवाळीच्या तोंडाला नांदूरघाटच्या शिवारात शिरली होती. गावाशेजारच्या वाडीतलं एक घर सुटलं नाही. बायनाबाईच्या घरात आधी तिचा लेक त्रिंबक अंथरुणाला खिळला, मग ती स्वतः, मग तिचा नवरा आसाराम. तिला शुद्ध आली तेव्हा घरात हिंडती-फिरती अशी धाकटी जाऊ कौशल्याबाई एकटीच होती. ती चुलीपुढे बसून पेज ढवळत होती. बायनाबाईने पाणी मागितलं, तेव्हा कौशल्याबाईने पाणी दिलं, पण वर बघितलं नाही. त्यावरूनच बायनाबाई समजली. तिने काही विचारलं नाही आणि तिला कुणी काही सांगितलं नाही. नवऱ्याचे आणि लेकाचे दिवस तिच्या दिराने, राधाकिशनने घातले. तेव्हा तिला उठून बसताही येत नव्हतं.

ताप गेला, पण अंगात जीव म्हणून आला नाही. भाकरीचा तुकडा ती तोंडात धरून बसायची, गिळायचं विसरायची. रात्रभर डोळे उघडे, आणि दिवसा ते उघडे असून नसल्यासारखे. राधाकिशनने देवरुशी केला, अंगारा लावला, गळ्यात ताईत बांधला. शेवटी एक दिवस त्याने गाडी जुंपली आणि वहिनीला नांदूरघाटला यासीन हकिमाकडे आणलं.

हकिमाचा दवाखाना गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला होता. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर आणि विहिरीच्या कडेने औषधी झाडांचा मळा. पूर्वी बीडहून माणसं तिथला अडुळसा न्यायला यायची. साथीत हकीमसाबांना मळ्याकडे बघायला सवड मिळाली नाही, आणि साथ संपल्यावर ताकद राहिली नाही. वाफे करपून पांढरे पडले होते. पुदिना गेला होता. गुलाबाच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या. अडुळसा मुळाशी कुठेतरी हिरवा असेल तर असेल.

हकीमसाब साठीचे असतील. साथीत त्यांची बायकोही गेली होती. त्यांनी बायनाबाईची नाडी बराच वेळ धरून ठेवली. इतका वेळ, की राधाकिशनला वाटलं त्यांचा डोळा लागला.

"ताप न्हाई," ते शेवटी म्हणाले. "आमच्यात याला सौदा चढला म्हनतात. काळं पित्त. दिलावर बसतं, मानसाला उठू देत न्हाई."

"मग औषध?"

"काढा देतो. पन बाटली घरी न्यायची न्हाई. रोज सकाळी हितं यायचं, हितंच प्यायचा. वाडी कितीशी लांब हाय? चालत यायचं. अन काढा घ्यायच्या आधी दोन घागरी पानी अडुळशाला घालायचं."

राधाकिशन बघतच राहिला. "हिला उभं ऱ्हाता येत न्हाई, हकीमसाब."

"मला तरी कुठं येतं?" हकीमसाब म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी दाराची चौकट धरली होती.

पहिले काही दिवस कौशल्याबाई तिला हाताला धरून आणायची. बायनाबाई अर्धी घागर घेऊन दोन वाफ्यांमध्ये उभी राहायची आणि पाणी कुठे ओतायचं ते विसरायची. कौशल्याबाई म्हणायची, "आक्का, हितं वता," मग ती ओतायची. घरी जाऊन कौशल्याबाईला सडा-सारवण, दळण, गुरं, सगळंच बघायचं असायचं. पुढे तिला जमेना, तेव्हा बायनाबाई एकटीच येऊ लागली. वाटेत बसत, उठत.

मळ्यात आणखी दोघं-तिघं असायची. एक म्हातारी होती, तिचा डावा हात तापानंतर लुळा पडला होता. ती उजव्या हाताने गवत उपटायची आणि डाव्या हाताला शिव्या द्यायची. आणि गहिनीनाथ होता. पन्नाशीचा, हाडापेराने थोराड माणूस. विहिरीचं पाणी तो शेंदायचा. त्याचे हात सतत थरथरायचे, पण पोहऱ्याचा दोर हातात आला की तेवढ्यापुरते थांबायचे. तो कुणाशी बोलायचा नाही. बायनाबाई घागर घेऊन विहिरीपाशी आली की तो पोहरा कठड्यावर भरून ठेवायचा आणि पलीकडे निघून जायचा. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं.

हळूहळू दोन घागरींच्या चार झाल्या. ढेकळं फोडायची, आळी करायची, कोरफडीची पिल्लं काढून वेगळी लावायची. काम सांगायला हकीमसाब ओसरीवरून उठत नसत, बसल्या जागेवरून बोट दाखवत. एका सकाळी अडुळशाच्या बुडख्यातून फुटवे वर आलेले तिला दिसले. तिने ते बघितले आणि पाणी घालून पुढच्या आळ्याकडे गेली. मनात आनंद वगैरे काही झाला नाही. पण त्या दिवशी लुळ्या हाताच्या म्हातारीने फडक्यातली भाकरी सोडली, तेव्हा बायनाबाई तिच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "मला बी द्या थोडी." म्हातारीने अर्धी भाकरी आणि कांदा दिला. बायनाबाईने ते सगळं खाल्लं. खाऊन झाल्यावर तिला दम लागला, इतकी ती दमली होती.

ही गोष्ट वाडीत पोचायला वेळ लागला नाही. वहिनी मळ्यात खुरपं चालवते, घागरी वाहते, भाकरी मागून खाते. राधाकिशन हकीमसाबांकडे आला. त्याच्या शेतात करडई काढणीला आली होती. साथीने अर्धी माणसं नेली होती आणि उरलेल्यांच्यात दम नव्हता. मजूर मिळत नव्हता.

"हितं काम व्हतंय तर घरी कावून होऊ नये?" तो म्हणाला. "सरकारी मानूस दौऱ्यावर आला की आमच्याकडून वेठ घेतो. आता दवाखान्यात बी वेठच हाय व्हय?"

हकीमसाब रागावले नाहीत. रागवायला लागतं तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं.

"वेठ म्हन, काय बी म्हन," ते म्हणाले. "माझी झाडं जगत्यात, हे खरंय. तुला वहिनीला न्यायचं तर ने. मी आडवा येनार न्हाई. फक्त शेतात ती कुनाकुनाला शोधंल, तेवढं बघ."

राधाकिशन वाईट माणूस नव्हता. त्यालाही भाऊ गेल्यापासून झोप नव्हती. फक्त त्याला भिंतीला टेकून बसायची सोय नव्हती. तो वहिनीला घरी घेऊन गेला.

करडईच्या शेतात बायनाबाईने दुपारपर्यंत काम केलं. हाताला काटे लागत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. दुपारी तिघं बाभळीखाली जेवायला बसली. बायनाबाईने फडकं सोडलं आणि भाकरी वाढल्या. पाच जागी वाढल्या. आसारामच्या भाकरीवर तिने ठेचा ठेवला आणि त्रिंबकच्या भाकरीवर नुसता गूळ ठेवला, कारण त्याला तिखट चालायचं नाही. मग ती त्या दोन भाकरींकडे बघत बसली आणि पुन्हा उठलीच नाही. सावली सरकली, ऊन अंगावर आलं, तरी ती हलली नाही.

राधाकिशन विळा घेऊन पार शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काम करू लागला. कौशल्याबाई एकटीच तिच्याजवळ उरली. तिने जावेला उठवलं, ओढलं, पुन्हा उठवलं. आणि मग तिचा तोल सुटला.

"किती सोसू मी आक्का? घर बघू का शेत बघू का तुमाला बघू? मला बी हात-पाय हायती, ते बी दुखत्यात! तिकडं मळ्यात बरं चालतंय तुमचं! त्या मुडद्याच्या गाडीवाल्याशेजारी बसून खुरपता, तवा काय व्हत न्हाई!"

बायनाबाईने मान वर केली. "कोन गाडीवाला?"

कौशल्याबाईने तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता.

"कोन, कौसा?"

"गहिनीनाथ," कौशल्याबाई खाली बसत म्हणाली. "साथीत समदी दारं लावून बसली व्हती. मढ्याला हात लावायला सख्खं मानूस म्होरं येत न्हवतं. त्यानंच आपल्या गाडीवर गावोगावची मढी नेली. थोरल्या दादाला अन त्रिंबकला त्यानंच नेलं. हे बी तापात व्हते. मी एकटी. दारातून मी नुसतं बघितलं."

बायनाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न विचारता मळ्यात गेली. या खेपेला ती वाटेत कुठे बसली नाही. गहिनीनाथ पाणी शेंदत होता. तिला बघून त्याने नेहमीसारखा पोहरा कठड्यावर ठेवला आणि जायला वळला.

"थांबा," ती म्हणाली. "माझ्या मानसांना तुमी नेलं?"

गहिनीनाथ थांबला. दोर हातातून सुटला होता आणि त्याचे हात पुन्हा थरथरायला लागले होते.

"व्हय," तो म्हणाला.

"समदं सांगा."

"कशाला, वैनी? आयकून काय व्हनार?"

"मी तिथं न्हवते. माझ्याच घरातून गेले अन मी तिथंच पडले व्हते, तरी न्हवते. सांगा."

त्याने एकदा ओसरीकडे बघितलं. हकीमसाब तिथे बसले होते, पण ते उठून आत गेले. मग गहिनीनाथ विहिरीच्या पायरीवर बसला आणि खाली बघत सांगू लागला. पोरगा पहाटे गेला होता. बापाचा जीव तेव्हा होता, पण बोलणं नव्हतं. गहिनीनाथ पोराला न्यायला आला तेव्हा आसारामने अंथरुणातूनच दाराबाहेरच्या गाडीच्या चाकाकडे हात केला. तो हात तसाच राहिला, श्वास थांबला. गहिनीनाथ थोडा वेळ थांबला आणि मग दोघांनाही घेऊन गेला.

"लाकूड संपलं व्हतं," तो म्हणाला. "चौफेर संपलं व्हतं. लोकं दारं-खिडक्या काढून देत व्हती, मग ते बी बंद झालं. मी गाडीच्या साट्या, बूडच्या फळ्या काढल्या. तरी एकच सरन झालं. बापाशेजारी लेकाला ठिवलं. दोघांस्नी संगंच दिलं."

"तोंडात पानी कुनी घातलं?"

"म्या. ओढ्याचं व्हतं. दुसरं न्हवतं."

"त्रिंबकचे डोळे मिटलेले व्हते?"

गहिनीनाथला खोटं बोलता आलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला. "म्या मिटले."

बायनाबाईने घागर तिथेच ठेवली आणि ती वाडीकडे चालू लागली.

घरी येऊन ती पहिल्यांदा रडली. त्या रडण्याला कुठे अंत आहे की नाही असं कौशल्याबाईला वाटलं. आधी ती घाबरून दारात उभी राहिली, मग आत येऊन तिच्या शेजारी बसली, आणि मग तीही रडू लागली, कारण तिलाही दिवाळीपासून रडायला वेळ मिळाला नव्हता. दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. गोठ्यात गाय हंबरत राहिली, तिला कुणी वैरण टाकली नाही. राधाकिशन आला, त्याने आत डोकावलं, आणि स्वतःच वैरण टाकून ओट्यावर जाऊन बसला. त्यानंतर बायनाबाई झोपली. मधूनमधून उठून पाणी पिऊन पुन्हा झोपायची. राधाकिशनने तिला कामाला बोलावलं नाही. करडई त्याने आणि कौशल्याबाईने मिळून काढली. जी राहिली ती शेतात गळाली.

चैत्राचं ऊन तापलं तशी बायनाबाई उठून बसली. तिला गहिनीनाथचा राग आला होता का? कौशल्याबाईने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आलता. पोराला हात त्यानं लावला अन म्या न्हाई, ह्याचा आलता. आता कुनाचा राग करायला बी जीव पायजे ना, कौसा." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या आळ्यांना पानी कोन घालत असंल?"

दोघी नांदूरघाटला गेल्या. मळा अर्धा वाळला होता. पुदिन्याची नवी लावण गेली होती, गुलाबाला आलेली पालवी करपली होती. अडुळशाच्या एका वाफ्यात फक्त पाणी होतं, आणि त्या वाफ्याजवळ हकीमसाब ओलं पागोटं डोक्यावर ठेवून जमिनीवर बसले होते.

"चक्कर आली," ते म्हणाले. "एक पोहरा काढला अन बसलो. असंच चाललंय."

"गहिनीनाथ कुठं हायती?"

"तुमी गेल्या त्या दिवसापासून तो बी न्हाई. घरात पडून हाय म्हनं. मी जाऊन बघितलं. दार उघडत न्हाई." त्यांनी वाफ्याकडे बघितलं. "मला वाटलं, मळ्यात हात लागले तर मानसं उठतील. कुनी उठलं, कुनी पडलं. मला आता ह्यातलं काय बी सांगता येत न्हाई, बाई."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की बायनाबाईला त्यांची कीव आली. कितीतरी महिन्यांत तिला पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाची कीव आली होती. ती कौशल्याबाईला घेऊन गावात गेली.

गहिनीनाथचं घर वेशीजवळ होतं. अंगणात बिनसाट्याची गाडी उभी होती आणि बैल कुठे दिसत नव्हते. साथीनंतर त्या गाडीत कुणी पोतं टाकलं नव्हतं. मांजरसुंब्याच्या बाजूला धान्य न्यायला लोक दुप्पट भाड्याच्या गाड्या करायचे, पण मढ्याच्या गाडीत धान्य घालायचे नाहीत. शेवटी त्याने बैल विकले होते.

कौशल्याबाईने कडी वाजवली. आतून आवाज आला नाही. बायनाबाई दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "गहिनीनाथदादा, मी आसारामाच्या घरची. पानी शेंदायला मानूस न्हाई. चला."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. गहिनीनाथ वाळून अर्धा झाला होता. दाढी वाढली होती.

"तुमाला माझं तोंड बघवंल का, वैनी?"

"ठावं न्हाई," बायनाबाई म्हणाली. "न्हाई बघवलं तर मी मान फिरवीन. पन आळी वाळायला लागलीत."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. कौशल्याबाईने फडक्यातली भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी दारातूनच बघितलं. भाईर सुदिक आले न्हाई. तुमाला पानी पायजे का, ते बी इचारलं न्हाई."

"कुनीच इचारत न्हवतं," गहिनीनाथ म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. त्याने भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, पागोटं गुंडाळलं आणि तो त्या दोघींच्या मागून निघाला.

तो उन्हाळा कठीण गेला. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि सगळ्या वाफ्यांना पुरेना. काय जगवायचं आणि काय सोडायचं हे हकीमसाबांनी बायनाबाईवर टाकलं. तिने गुलाब सोडला, सब्जा सोडला, कोरफड आपली आपण तगेल म्हणून तिच्याकडे बघितलं नाही, आणि सगळं पाणी अडुळशाला दिलं. गहिनीनाथ शेंदायचा, ती वाहायची. पहिल्या दिवसांत खरंच तिने कधीकधी मान फिरवली. मग कधीतरी ते बंद झालं. नेमकं कधी, ते तिच्याही ध्यानात आलं नाही. ती त्याला मधूनच एखादी गोष्ट विचारायची. त्या दिवशी वारा होता का. राख कुठे टाकली. तो ठाऊक असेल तेवढं सांगायचा, ठाऊक नसेल तर नाही म्हणायचा. मग दोघं आपापल्या कामाला लागायची.

लुळ्या हाताची म्हातारी आषाढात वारली. तिचा हात शेवटपर्यंत सुधारला नाही. तिला न्यायला गहिनीनाथने नव्या फळ्या ठोकून स्वतःची गाडी दिली आणि हकीमसाबांच्या ओळखीच्या माणसाने बैल दिले. या वेळी गाडीमागे माणसं चालली.

पुढच्या थंडीत पुन्हा घरोघरी खोकला सुरू झाला. साधा पडसं-खोकलाच होता, पण माणसं भ्याली. कुणी शिंकलं की आईबाप पोराला उचलून दवाखान्याकडे पळायचे. ओसरीवर दाटी व्हायची. अडुळशाची पानं तोडून, कुटून, रस काढून देताना बायनाबाईला मान वर करायला फुरसत नसायची. कौशल्याबाईही घरचं आवरून यायची आणि चूल सांभाळायची. राधाकिशन एकदा आला, जळणाची मोळी टाकून गेला.

एक बाई, तरणी, मांडीवर पोर घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. पोराला खोकला होता, फार काही नव्हतं. पण बाईच भिंतीला डोकं टेकून कुठेतरी बघत होती. तिचा नवरा साथीत गेला होता, असं शेजारच्या बाईने सांगितलं. बायनाबाईने पोराला रस चाटवला. मग ती म्हणाली, "बाई, उद्या बी ये. पोराला घेऊन ये."

"उद्या काय हाय?"

"काय न्हाई. वाफ्याला पानी घालायचंय."

त्या बाईने पोराचं तोंड पदराने पुसलं. येईल की नाही, बायनाबाईला सांगता आलं नसतं.

दिवस मावळताना दोघी जावा वाडीकडे निघाल्या. बायनाबाईचे हात अडुळशाच्या रसाने हिरवे झाले होते आणि कंबर धरली होती. वाटेत एका बांधावर ती टेकली.

"लई दमले ग आज," ती म्हणाली.

"मग बसा जरा," कौशल्याबाई म्हणाली, आणि तीही बसली.

घरी गेल्यावर कौशल्याबाईने पानं वाढेपर्यंत बायनाबाई चुलीशेजारी पोत्यावर आडवी झाली होती. हात धुवायचेही राहिले होते. कौशल्याबाईने तिला हाक मारली नाही. तिचं पान टोपल्याखाली झाकून ठेवलं आणि राधाकिशनला हळू बोलायची खूण केली.